एकट्याने वाचू लागलेल्या मुलासाठी पुस्तक कसं निवडावं

बाराखडी झाली, पाट्यांवरचे शब्द वाचता यायला लागले की घरातले मोठे पुस्तकं आणायला निघतात, आणि बहुतेक वेळा नेमकी अवघड पुस्तकं घेऊन येतात. निवडताना डोळ्यासमोर मुलाचं वय असतं, इयत्ता असते, वर्गातली बाकीची मुलं काय वाचतात ते असतं. पुस्तक उघडल्यावर पहिल्या दहा ओळींत या मुलाचं काय होणार, हे मात्र कुणी तपासून पाहत नाही. पहिली ते चौथीच्या आसपासच्या, म्हणजे नुकतं स्वतःचं स्वतः वाचू लागलेल्या मुलांसाठी पुस्तकं निवडताना एक गोष्ट पक्की धरायची: एकट्याने वाचायचं पुस्तक मोठ्यांना वाटतं त्यापेक्षा बरंच सोपं असावं लागतं. अवघड पुस्तकांना घरात जागा आहेच, पण ती वेगळी जागा आहे.

पायरी १ : आधी तीन गठ्ठे करा

पुस्तक हातात घेतलं की पहिला प्रश्न, हे कोण वाचणार आणि कसं? त्यावरून तीन गठ्ठे पडतात.

पहिला गठ्ठा मुलाने एकट्याने वाचायचा. इथे अडखळणं जवळपास नसावं. दुसरा गठ्ठा शेजारी बसून वाचायचा, मूल वाचतं आणि अडलं की मोठं माणूस हात देतं. तिसरा गठ्ठा मोठ्यांनी वाचून दाखवायचा. त्यातली भाषा, लांबी, विषय मुलाच्या वाचनाच्या दोन-तीन वर्षं पुढे असले तरी चालतं, कारण या वयात मुलाचे कान त्याच्या डोळ्यांपेक्षा खूप पुढे असतात.

गडबड होते ती गठ्ठे मिसळल्यावर. वाचून दाखवताना मुलाला प्रचंड आवडलेलं पुस्तक 'आता तूच वाच' म्हणून त्याच्या हातात दिलं जातं. दोन पानांत दमछाक होते, पुस्तक बाजूला पडतं, आणि आवडत्या गोष्टीचाही कंटाळा येतो. उलटंही होतं. मूल स्वतः वाचायला लागलं म्हणून वाचून दाखवणं बंद होतं. मग त्याच्या वाट्याला फक्त चार-चार शब्दांची वाक्यं उरतात आणि त्याला वाटतं, पुस्तकं म्हणजे एवढंच. तिसरा गठ्ठा किमान चौथीपर्यंत तरी चालू ठेवा. मोठे शब्द, लांब वाक्यं, वर्णनं कानावरून आधी गेलेली असली की तीच पुढे डोळ्यांना ओळखीची वाटतात.

पायरी २ : शंभर शब्द वाचून घ्या

'एका पानावर पाच शब्द अडले तर पुस्तक अवघड' ही पाच बोटांची युक्ती अनेकांना माहीत असते. मूल वाचत जातं, शब्द अडला की एक बोट दुमडतं. युक्ती चांगली आहे, पण पानावर साधारण शंभर शब्द असतील तरच तिचा हिशोब बसतो. सुरुवातीच्या पुस्तकात एका पानावर वीस शब्द असतात. तिथे चार अडले म्हणजे दर पाचवा शब्द अडला, तरी चारच बोटं दुमडली म्हणून पुस्तक 'सोपं' ठरतं. म्हणून पान मोजू नका, शब्द मोजा.

पुस्तकाच्या मधून कुठूनतरी सलग शंभर शब्द मोजून ठेवा. पहिलं पान नको, ते बहुतेकदा मुद्दाम सोपं लिहिलेलं असतं. मुलाला मोठ्याने वाचायला सांगा आणि एका कागदावर चुकेगणिक रेघ मारत जा. कागद मुलाला दिसणार नाही असा धरा. रेघा दिसल्या की ते वाचणं सोडून रेघाच मोजत बसतं.

काय मोजायचं आणि काय नाही, हे आधी ठरलेलं बरं. शब्द चुकीचा वाचला, गाळला, किंवा तुम्हाला सांगावा लागला तर एक रेघ. चुकला आणि लगेच स्वतःच सुधारला तर रेघ नाही. ते चांगल्या वाचकाचं लक्षण आहे, अर्थ लागत नाही हे त्याच्या त्यालाच कळलं. एखादं विशेषनाम दहा वेळा चुकलं तर ती एकच चूक धरा. घरच्या बोलीप्रमाणे 'ण'चा 'न' झाला किंवा 'ष'चा 'श' झाला तर ती वाचनाची चूकच नव्हे.

उदाहरणार्थ, पुस्तकात ओळ आहे: 'पिल्लू दाराच्या फटीतून आत डोकावलं.' मुलाने वाचलं: 'पिल… पिल्लू दाराच्या फटीतून आत डोकवलं.' इथे एकच रेघ, 'डोकवलं'साठी. 'पिल'वर थांबून ते स्वतःच 'पिल्लू'वर आलं, ते सोडून द्यायचं. 'फटीतून'ऐवजी 'फटीमधून' वाचलं असतं तर रेघ मारायची, पण कोपऱ्यात खूण करून ठेवायची की अर्थ जागेवर आहे. अशा अर्थ सांभाळणाऱ्या चुका निम्म्याहून जास्त असतील, तर एकूण आकडा थोडा वाढला तरी घाबरायचं कारण नाही.

आता निकाल. १९४६ मध्ये एमेट बेट्स या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी मांडलेली मापं आजही थोड्याफार फरकाने वापरली जातात. शंभरातले ९९ शब्द बरोबर असतील तर ते पुस्तक एकट्याने वाचण्याजोगं, ९५च्या आसपास असतील तर मदतीने वाचण्याजोगं, आणि ९०च्या खाली गेले तर नुसती दमछाक. घरी इतकं काटेकोर होण्याची गरज नाही. दोनपर्यंत चुका असतील तर पहिला गठ्ठा, तीन ते दहा असतील तर दुसरा, त्याहून जास्त असतील तर तिसरा. एवढं पुरतं.

नव्वद टक्के बरोबर म्हणजे परीक्षेत उत्तम गुण, मग पुस्तक अवघड कसं, असं वाटू शकतं. पण दहातला एक शब्द चुकला म्हणजे जवळपास दर दुसऱ्या वाक्यात एक खड्डा. त्यातही चुकणारा शब्द सहसा 'आणि' किंवा 'तो' नसतो. गोष्ट ज्यावर उभी आहे, तोच नेमका हातातून निसटतो.

पायरी ३ : वाचलेलं कळलं का, ते पाहा

मराठी वाचणाऱ्या मुलाच्या बाबतीत ही पायरी अजिबात चुकवू नका. देवनागरीत लिहिलेलं बऱ्याच अंशी जसंच्या तसं उच्चारता येतं. म्हणून अक्षरं आणि मात्रा पक्क्या झालेलं मूल, अर्थ अजिबात माहीत नसलेला शब्दही खणखणीत वाचून दाखवतं. 'निष्प्रयोजन' असा शब्द दुसरीतलं मूल बिनचूक वाचू शकतं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की वा, याला सगळं येतं! शंभर शब्दांच्या चाचणीत शून्य चुका आणि गोष्टीतलं काहीच डोक्यात गेलेलं नाही, हे चित्र अगदी नेहमीचं आहे.

म्हणून वाचून झालं की पुस्तक मिटा आणि 'काय झालं, सांग की' एवढंच म्हणा. मुलाने आपल्या शब्दांत घटना ओळीने सांगितल्या तर पुरे. हुबेहूब पुस्तकातली वाक्यं म्हणून दाखवली, तर दुसरा प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर पानावर सरळ छापलेलं नाही: 'तो का पळाला असेल?' किंवा 'आता पुढे काय होईल?' दोनच प्रश्न. पाच-सात विचारलेत की गोष्टीचा धडा होतो.

आणखी एक खूण कानाने ओळखा. मूल 'क… म… ळ, कमळ' असं अक्षर-अक्षर जोडत वाचत असेल, तर सगळे शब्द बरोबर आले तरी ते पुस्तक त्याच्यासाठी अवघडच आहे. वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरली जाते. पूर्णविरामाशी आवाज खाली येतो का, प्रश्नाला वर चढतो का, संवाद बोलल्यासारखा येतो का, हे ऐका. तसं होत असेल तर डोळे पुढचे शब्द आधीच पकडताहेत. मात्र घड्याळ लावून मिनिटाला किती शब्द, ते मोजायच्या भानगडीत पडू नका. इंग्रजीसाठी ठरवलेले वेगाचे आकडे मराठीला लागू पडतच नाहीत. का, ते पुढच्या पायरीत.

पायरी ४ : पान जवळून पाहा

पुस्तकाच्या पाठीवर वयोगट छापलेला असतो. तो विषयासाठी बरा, अवघडपणासाठी भरवशाचा नाही. 'वय ६ ते ८' म्हणजे त्या वयाच्या मुलांना गोष्ट आवडेल, एवढाच त्याचा अर्थ. ती कोण वाचणार, मूल की आई, हे त्यात येत नाही. त्यापेक्षा मधलं कुठलंही पान उघडा आणि या गोष्टी पाहा.

शब्दांची लांबी. 'ती घरी आली' हे तीन शब्द आणि पाच अक्षरं. 'घरासमोरच्या अंगणातल्या झाडाखालून' हेही तीनच शब्द, पण अक्षरं सोळा. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, त्यामुळे एकेक शब्द म्हणजे आगगाडीच होते. म्हणून 'या पुस्तकात फक्त २०० शब्द आहेत' एवढ्याने काही कळत नाही. इंग्रजीवरून आलेल्या अनुवादात तर ही फसगत हमखास होते. मूळ पुस्तक पहिल्या पातळीचं म्हणून मराठी अनुवादावरही तीच पातळी छापतात, पण मुळातल्या चार छोट्या शब्दांचा मराठीत एक लांबलचक शब्द झालेला असतो. सुरुवातीच्या वाचकासाठी बहुतेक शब्द दोन-तीन अक्षरांचे, आणि चारपेक्षा मोठा शब्द एका ओळीत एखादाच असावा.

जोडाक्षरं. फक्त 'आहेत की नाहीत' हे पाहून भागत नाही, कोणती आहेत ते पाहा. 'त्या, माझ्या, राजाच्या, म्हणाला, आम्ही' यांतली जोडाक्षरं मुलाने इतक्या वेळा ऐकलेली आणि बोललेली असतात की ती लवकर बसतात. मग 'पिल्लू, पत्ता, चिक्कू' अशी एकाच अक्षराची जोडी. खरी परीक्षा 'र' घेतो, कारण त्याची रूपंच चार. 'प्रवास'मध्ये तो पायाशी तिरकी रेघ होतो, 'ट्रक'मध्ये खाली छोटं छप्पर होतो, 'पायऱ्या'मध्ये अक्षराच्या डावीकडे चिकटतो, आणि 'पर्वत'मध्ये रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. रफार बोलायचा आधी आणि दिसतो नंतरच्या अक्षरावर, म्हणून 'पर्वत'चं 'पवर्त' होतं. पहिल्या वेलांटीचं असंच, उलट दिशेने. 'निश्चित'मध्ये 'श्चि'ची वेलांटी 'श्च'च्या आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची. वेलांटी आणि जोडाक्षर एकत्र आलं की मूल थांबतंच. एका पानावर असे दोन-तीन शब्द असतील तर ठीक. प्रत्येक ओळीत असतील तर पुस्तक दुसऱ्या गठ्ठ्यात.

भाषेचा बाज. 'त्याने दार उघडले आणि ते धावू लागले' आणि 'त्याने दार उघडलं आणि ते धावू लागलं' यातला फरक मोठ्यांना जाणवतही नाही. पण घरात 'उघडलं, लागलं' असं बोलणाऱ्या मुलाला 'ते धावू लागले' वाचताना धावणारे अनेक जण आहेत असं वाटू शकतं. पहिल्या वर्षभरात एकट्याने वाचायची पुस्तकं शक्यतो बोलल्यासारखी लिहिलेली निवडा. पुस्तकी रूपं वाचून दाखवताना कानावर पडू देत, ती पुढे आपोआप येतात. 'वृक्षावर आरूढ झालेल्या मांजरीने दृष्टिक्षेप टाकला' छापाची भाषा बालसाहित्यात अजून सापडते. ती कोणत्याच गठ्ठ्यात नको.

'च' आणि 'ज'चे दोन उच्चार हाही एक छुपा अडथळा आहे. 'चिमणीची चोच' या दोन शब्दांतले 'च' वेगळे, पण अक्षर एकच. शब्द बोलण्यातला असेल तर मूल बरोबर उच्चार निवडतं. अनोळखी असेल तर अंदाज चुकतो. ती चूक मोजू नका, बरोबर उच्चार सांगून पुढे जा.

छपाई. अक्षराचा आकार सुरुवातीला साधारण २० पॉइंट, दोनेक वर्षांनी १६, आणि चौथीच्या सुमारास १४ चालतो. त्याहून महत्त्वाची ओळींमधली जागा. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना आणि मात्रांना टेकत असतील तर ते पुस्तक परत ठेवा, गोष्ट कितीही छान असो. मजकूर चित्रावर छापलेला असेल तर पार्श्वभूमी एकरंगी हवी. रंगीबेरंगी चित्रावर अनुस्वार पहिल्यांदा हरवतो. ओळीच्या शेवटी शब्द तोडलेला नसावा. सुरुवातीच्या पुस्तकात ओळ अर्थाच्या ठिकाणी तुटावी: 'आजीच्या पिशवीत / एक मांजर होतं', 'आजीच्या / पिशवीत एक / मांजर होतं' असं नको. अक्षरांची वळणंही पाहा. 'ल' आणि 'श' दोन-दोन प्रकारे छापतात, आणि 'द्ध' कुठे एकाखाली एक असतो, तर कुठे 'द'चा पाय मोडून. नुकतं वाचू लागलेल्या मुलाला एकाच पुस्तकात दोन्ही वळणं भेटू नयेत.

पायरी ५ : टप्प्यानुसार काय शोधायचं

पहिला टप्पा चित्रांच्या पुस्तकांचा. पानावर एक ते तीन ओळी, १६ ते २४ पानं, एखादं वाक्य पुन्हा पुन्हा येणारं. चित्र आणि मजकूर एकच गोष्ट सांगत असावेत, म्हणजे अडलेला शब्द चित्रावरून पडताळता येतो.

याच टप्प्यावर जोडाक्षरविरहित पुस्तकं मिळतात. ती जरूर घ्या, पण थोड्या आठवड्यांसाठी. जोडाक्षर टाळायचं म्हटलं की लेखकाला 'म्हणाला' लिहिता येत नाही, 'त्याने' नाही, 'माझ्या' नाही, 'राजाच्या' तर नाहीच. उरते ती 'कमल, घर बघ. छगन, जल भर' अशी कोणीही कधीही न बोलणारी मराठी. अक्षरं पक्की व्हायला तिचा उपयोग होतो, गोष्टीची गोडी लागायला नाही. काना-मात्रा बिनचूक यायला लागल्या की 'त्या', 'च्या', 'म्ह' असलेल्या साध्या गोष्टी लगेच सुरू करा. पाठ्यपुस्तकात जोडाक्षरांचा धडा येईपर्यंत थांबू नका.

दुसऱ्या टप्प्यात पानावर चार ते आठ ओळी, प्रत्येक उघड्या जोडपानावर चित्र, भरपूर संवाद. संवाद असले की वाक्यं आपोआप छोटी राहतात. पात्रं तीन-चारच असावीत, आणि नावं वेगळ्या अक्षरांनी सुरू होणारी. मीना, मीरा आणि मीनल एकाच गोष्टीत आल्या की मोठेही गोंधळतात.

तिसरा टप्पा छोट्या प्रकरणांच्या पुस्तकांचा: ४० ते ८० पानं, प्रकरण चार-पाच पानांत संपणारं, अधूनमधून काळी-पांढरी चित्रं. या टप्प्यावर सगळ्यात जास्त मुलं गळतात. चित्रं अचानक नाहीशी होतात, पान काळंभोर दिसतं, आणि गोष्ट एका बैठकीत संपत नाही. आठवणीत धरून ठेवायचं ओझं वाढतं, हे लक्षात घ्या. उपाय म्हणजे पहिलं प्रकरण तुम्ही वाचून द्यायचं. पात्रं, जागा, भानगड काय आहे, हे कळलं की पुढे मूल एकटं जातं. आणि 'आता मोठा झालास' म्हणून चित्रांची पुस्तकं घरातून हलवू नका. तिसरी-चौथीतलं मूल दमल्यावर त्यांच्याकडेच वळतं, आणि वळू द्यावं.

पुस्तकं कमी पडत असतील तर 'प्रथम बुक्स' या बालपुस्तकांच्या प्रकाशन संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेलं स्टोरीवीवर हे मोफत संकेतस्थळ कामाला येतं. मराठीसह अनेक भाषांतल्या गोष्टी तिथे चार पातळ्यांत लावलेल्या आहेत: पहिली २५० शब्दांच्या आत, दुसरी ६०० पर्यंत, तिसरी १५०० पर्यंत, चौथी त्यापुढे. या पातळ्या चाळणी म्हणून वापरा, निकाल म्हणून नको. आगगाडीसारख्या शब्दांचं वर सांगितलंच आहे. गोष्ट मोठ्या पडद्यावर वाचायला द्या. फोनवर जोडपानाचं चित्र आखडतं आणि अक्षरही. शब्द आपोआप वाचून दाखवणारी सोय असेल तर ती दुसऱ्या गठ्ठ्यासाठी चालू ठेवा, पहिल्यासाठी बंद.

पायरी ६ : गोष्टीपलीकडचेही प्रकार आणा

मालिका सुरुवातीच्या वाचकासाठी सोन्यासारख्या. पहिल्या भागात नावं, घर, सवयी कळल्या की दुसऱ्या भागात त्यावर खर्च होणारी शक्ती वाचते. एकाच मालिकेचे सहा-सहा भाग वाचणारं मूल अडकून पडलेलं नसतं, त्याचा सराव चाललेला असतो.

कॉमिक्सना नाकं मुरडू नका. फुग्यांत छोटी वाक्यं असतात आणि चेहऱ्यावरचे भाव अर्थ सांगतात. फक्त सुरुवातीला दोन पानं बरोबर वाचून चौकटींचा आणि फुग्यांचा क्रम दाखवून द्या, नाहीतर उत्तर आधी आणि प्रश्न नंतर वाचला जातो. ठळक, तिरप्या, हाताने काढल्यासारख्या अक्षरांतली कॉमिक्स मात्र नुकत्याच वाचू लागलेल्यांना जड जातात.

माहितीची पुस्तकं तुकड्या-तुकड्यांत वाचता येतात आणि कुठूनही उघडता येतात. शब्द नवे असतात, पण आवड असेल तर मूल ते पेलतं. डायनोसॉरवेडं मूल 'टायरॅनोसॉरस' न अडखळता वाचेल आणि 'तात्पुरता'वर अडकेल. म्हणून शंभर शब्दांची चाचणी आवडीच्या विषयाच्या पुस्तकावर वेगळी घ्या. तिथे पाच-सहा चुका असल्या तरी ते पुस्तक एकट्याला देऊन पाहायला हरकत नाही.

कविता आणि बडबडगीतं छानच, पण मूल वाचतंय की पाठ म्हणतंय ते कळत नाही. शेवटचं कडवं आधी वाचायला लावा, किंवा मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवा. कोड्यांची आणि विनोदांची पुस्तकं मात्र फारच कमी घरांत दिसतात. मजकूर दोन ओळींचा, आणि कळलं की नाही याची परीक्षा आपोआप होते. हसू आलं म्हणजे कळलं.

संक्षिप्त अभिजात कादंबऱ्या या वयात शक्यतो टाळा. तीनशे पानांची गोष्ट साठ पानांत कोंबताना संवाद आणि बारकावे उडतात, उरतात घटना. दर परिच्छेदात नवं पात्र, दर पानाला नवं गाव, पाच-पाच वर्षांच्या उड्या. पानं कमी झाली म्हणून वाचायला सोपं होत नाही. तीच मूळ कादंबरी दोन-तीन वर्षांनी वाचून दाखवलेली जास्त बरी.

पायरी ७ : शेवटची निवड मुलाची

पुस्तकांनी भरलेल्या कपाटापुढे मुलाला उभं करून 'घे काय हवं ते' म्हटलं तर ते मुखपृष्ठ बघून घेतं आणि निम्म्या वेळा फसतं. सगळं तुम्हीच निवडलंत तर ते तुमचं पुस्तक होतं. मधला मार्ग असा: तुम्ही सात-आठ पुस्तकं बाजूला काढा, पानं तपासून. त्यातली चार मुलाने निवडायची. शिवाय एक पुस्तक बिनशर्त त्याच्या मर्जीचं, अवघड असो, भलतंच सोपं असो, नुसत्या गाड्यांच्या चित्रांचं असो.

घरी एका वेळी आठ-दहा पुस्तकं पुरेत. त्यांतली निम्मी अगदी सोपी, दोन-तीन थोडी ओढून नेणारी, बाकी वाचून दाखवायची. दर दोन आठवड्यांनी तीन-चार बदला. पुस्तकं कणा दाखवत उभी करण्यापेक्षा मुखपृष्ठ समोर येईल अशी ठेवा. कण्यावरचं आडवं नाव या वयात कुणी वाचत नाही.

पुस्तक अर्धवट सोडायची मुभा असू द्या, पण नियम ठरवून: छोटं पुस्तक असेल तर पाच पानं, प्रकरणांचं असेल तर दोन प्रकरणं वाचायची, मग नको वाटलं तर बिनबोभाट परत. आणि तेच पुस्तक दहाव्यांदा वाचत असेल तर वाचू द्या. दहाव्या वेळी शब्द ओळखावे लागत नाहीत, म्हणून आवाजात चढउतार येतो, आणि तो मग नव्या पुस्तकात उतरतो.

अडतं कुठे

प्रत्येक गोष्टीखाली 'तात्पर्य' असलेली पुस्तकं मोठ्यांना आवडतात, मुलांना फारशी नाही. एखादं असावं, कपाटभर नको. पुस्तकागणिक बक्षीस ठेवलं की मूल सगळ्यात पातळ पुस्तकं शोधायला शिकतं. वाचल्यावर दर वेळी सारांश लिहायला लावलात तर वाचन संपतं, गृहपाठ उरतो.

दोन भाषांत वाचणाऱ्या मुलाची पातळी दोन्हीकडे सारखी नसते. इंग्रजीत प्रकरणांची पुस्तकं वाचणारं तिसरीतलं मूल मराठीत दोन ओळींच्या पुस्तकावर असू शकतं. त्याला पहिलीसाठीची बालिश गोष्ट दिली की ते चिडतं, आणि बरोबरच आहे. अशा वेळी कोडी, विनोद, कॉमिक्स, खेळाडूंची आणि प्राण्यांची माहिती, असा मजकूर हुडका, ज्यात वाक्यं सोपी पण विषय त्याच्या वयाचा असतो. मागे पडलेल्या मोठ्या मुलासाठीही हाच उपाय. आणि त्याच्या हातातलं पुस्तक बाहेरून 'लहान मुलांचं' दिसता कामा नये, एवढं जपा.

पुस्तकं सोपी करूनही, रोज पंधरा-वीस मिनिटं वाचूनही चार-पाच महिन्यांत काहीच हालचाल दिसत नसेल, मूल पहिलं अक्षर पाहून पुढचा शब्द ठोकून देत असेल, ओळी सुटत असतील, डोळे चोळत असेल, तर पुस्तक बदलत बसू नका. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, वर्गशिक्षकांशी बोला, गरज पडली तर वाचन-अक्षमतेची तज्ज्ञांकडून चाचणी करा. हे जितकं लवकर कळेल तितकं मदतीने सुधारणं सोपं जातं.

पुढे केव्हा सरकायचं

एका छोट्या वहीत चार रकाने आखा: पुस्तकाचं नाव, शंभरातल्या चुका, पूर्ण केलं की सोडलं, आणि मूल काय म्हणालं. लागोपाठ तीन पुस्तकांत चुका दोनच्या आत असतील आणि गोष्ट सांगता येत असेल, तर दुसऱ्या गठ्ठ्यातलं एक पुस्तक पहिल्यात हलवा. एकच. बाकी गठ्ठा तसाच राहू द्या. ते पुस्तक दोन दिवसांत परत आलं तर नुकसान काही नाही, सहा आठवड्यांनी पुन्हा ठेवून पाहा. लांब सुट्टीनंतर किंवा आजारपणानंतर एक टप्पा मागे जाऊन सुरुवात करा, आठवड्याभरात गाडी पूर्वीच्या जागेवर येते. आणि शेवटच्या रकान्यात 'अजून आहे का असलं?' असं लिहावं लागलं, तर त्या मालिकेचा पुढचा भाग त्याच आठवड्यात आणा.